रुमालाखालची बोटं

उकंड्या, काल तुझी तेरवी झाली. कारंज्याचा अर्धा कापूस-बाजार जेवून गेला, आणि अर्धा म्हणतो ते तुझ्या धाकानं कमी करून म्हणतो. पत्रावळ्या सरल्या तेव्हा नाल्याकाठचे पळस बोडके करावे लागले. बुंदीचा ढीग असा की त्याच्यामागं बसलेला आचारी कोणाला दिसलाच नाही. त्याचा झारा तेवढा ढिगावर उगवायचा आणि मावळायचा. तुला गंमत वाटली असती. तू जिवंत असताना तुझ्या दारावरून जाताना जे रस्त्याची दुसरी कड धरायचे, ते काल "थोडी अजून येऊ द्या" म्हणत पान पुढं करत होते. मेल्यावर माणसाची पत वाढते म्हणतात. तुझी वाढली, बुंदी असेपर्यंत.

आणि दुसऱ्या पंगतीत, वरणात पोळी कुस्करता कुस्करता, वामनराव दलाल बोलला. तुझ्या जागेवर बसून आज जो बाजारात सौदे करतो, तोच.

"मानूस लाखाचा होता राजेहो. पन बाटलीनं खाल्ला."

पंगतीनं माना हलवल्या. घास तुझ्या घरचा आणि माना तुझ्याविरुद्ध. माझ्या हातात वरणाची बादली होती, वाफाळलेली. ती मी वामनरावाच्या टाळूवर रिकामी केली नाही, ह्याची हळहळ मला आज सकाळी उठल्यापासून लागून राहिली आहे.

तू आणि बाटली! अरे, शिंदीच्या झाडाची सावली रस्त्यावर आडवी पडली असेल तर तू गाडी शेतातून काढायचास. मोहाला फुलं येत त्या दिवसांत तू श्वासही अर्धाच घ्यायचास. ह्यात मीठ किती आणि पीठ किती हे तुला ठाऊक आहे. पण तुझ्या तोंडाला थेंब लागला नाही, एवढं पीठ गावानं चाळणीतून चाळून घ्यावं. का लागला नाही तेही गावाला ठाऊक होतं. तुझा बाप पितो म्हणून तुमचं सगळं धनज गाव त्याला हसायचं, आणि लहानपणी तू ते हसू ऐकत वाढलास. तेव्हाच तू शपथ घेतली होतीस. ती तू शेवटपर्यंत पाळलीस, आणि शेवटी तुझ्या पानावरचे लोक तुला दारुडा म्हणून उठले.

तुझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून मायनं तुला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून परत आणलं, आणि नाव पडलं उकंडा. आपल्याकडं गावोगाव एक उकंडा असतो. मरणाला वाटावं, हा तर केरकचरा, ह्याला न्यायचं कशाला. माय शहाणी होती, पण तिनं भलत्याच गिऱ्हाइकाला फसवलं. मरणाला तू कचरा वाटला नाहीस. बाजाराला वाटलास.

आपला बाजार तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांत पुण्या-मुंबईकडचा एखादा असेल, त्याच्यासाठी सांगतो. गाडीवर कापूस भरलेला असतो. जुवाशी शेतकरी उभा. खरेदी करणारा शेट आणि मधला दलाल समोरासमोर येतात, उजवे हात पुढं करतात आणि हातांवर रुमाल टाकतात. मग तोंडानं गोष्टी होतात बैलाच्या खुराच्या, पाहुण्यारावळ्यांच्या, आणि रुमालाखाली बोटं भाव बोलतात. एक बोट धरलं त्याचा एक अर्थ, दोन धरली त्याचा दुसरा, मूठ आवळली की तिसरा, नख टेकवलं की चौथा. बघणाऱ्याला नुसता रुमाल हलताना दिसतो. आणि कायदा असा की रुमालाखाली जे झालं ते तोंडानं मोडायचं नाही, तोंडानं विचारायचंही नाही. तोंड खोटं बोलतं, बोट बोलत नाही, असं आपले लोक मानतात. देवळात शपथ घेतलेला माणूस बदलेल, पण रुमालाखालचं बोट बदलणार नाही.

आणि त्या बाजारात तुझी बोटं म्हणजे! एका हंगामात तू दोन हातांनी, दोन रुमालांखाली, दोन शेटांशी दोन वेगळे सौदे केलेस, आणि तोंडानं मला माझीच गोष्ट दुरुस्त करून सांगत होतास. हे मी सांगतो म्हणून लोक हसतात. पण खरं आहे. निदान एक रुमाल तरी खरा आहे.

माझं दोरांचं दुकान बाजाराच्या फाटकाशी. कासरा घ्या, वेसण घ्या, गोष्ट फुकट. सौदा झाला की तू माझ्या ओट्यावर येऊन टेकायचास. कारंज्यात पहिली मोटार आली तेव्हा मी सांगत सुटलो होतो, की साहेबाची मोटार चिखलात बसली, तिला माझा कासरा बांधला आणि धनजच्या बैलांनी ती मुर्तिजापूरपर्यंत ओढत नेली. आत साहेब चाक फिरवत होता, त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपणच चालवतो आहोत. गाडीवाले पोट धरून हसले. तू हसला नाहीस. "बैलायले मुर्तिजापूरले पानी कोनं पाजलं ते सांग," म्हणालास. थापेतली भेग तुला लगेच दिसायची. "शंकऱ्या, बैलापेक्षा तुह्या तोंडाले मुसकं पाह्यजे," असं तू मला हजारदा म्हटलं असशील. बरं, शंभरदा.

मग तो हंगाम आला. रतनशेटांच्या हातावर तुझा रुमाल. किती वर्षांची तुमची जोडी. भाव जमला, हात सुटणार, तेवढ्यात तुझं मधलं बोट आपल्या मनानं हललं. शेटांना वाटलं, तू भाव चढवलास. रुमालाखालचं मोडता येत नाही, म्हणून त्यांनी चढ्या भावानं गाडी घेतली, आणि मग माझ्या ओट्यावर येऊन उभे राहिले.

"उकंडराव, सौदा झाल्यावर बोट दाबलं तुमी. असं कधी केलं नव्हतं."

"म्या नाई दाबलं शेटजी."

"मंग काय मीच माहं दाबलं?"

पुढच्या बाजारी उलटं झालं. तुझं बोट हवं तेव्हा वळलंच नाही, आणि नुकसान शेतकऱ्याचं झालं. शेट म्हणाले तू शेतकऱ्याला सामील. शेतकरी म्हणाला तू शेटाला सामील. एकाच वेळी दोन्ही बाजूंना सामील असलेला दलाल मी माझ्या थापांतसुद्धा कधी घातला नव्हता, पण ह्या शहाण्यांनी तो डोळ्यांनी पाहिला. हात आजारी असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? आपल्या बाजारात बोट हललं म्हणजे बोललं. बोट उगाच हलू शकतं, हे ऐकून आपल्या माणसाला देव उगाच हलतो म्हटल्यासारखं वाटतं.

एकेकानं तुझ्या रुमालाखाली हात घालणं बंद केलं. तू सकाळी रुमाल खांद्यावर टाकून यायचास, गाड्यांमधून फिरायचास आणि तसाच परत जायचास. मग खांदा उडायला लागला. मग चाल गेली. तुझा पाय पडायचा एकीकडं आणि तू जायचास दुसरीकडं, जशी दोन बैल दोन गावांना निघालेली गाडी. झालं. बाजाराला उत्तर सापडलं. बापाचं रक्त. पितो.

तुझ्या बायकोनं, भागीवहिनीनं, काय केलं नाही? पोहरादेवीला नवस केला. यात्रेच्या गर्दीत आम्ही दोघं तुला दोन्हीकडून धरून नेत होतो. तिथं नगारा चालू होता, माणसं नाचत होती. तुझे हात उडत होते, मान झटके देत होती, आणि लोकांनी तुला वाट करून दिली. त्यांना वाटलं, तूही नाचतो आहेस. एका म्हाताऱ्या बाईनं तुझ्या कपाळाला गुलाल लावला. नगारेवाल्यानं तुझ्याकडं पाहून ठेका बदलला, आणि काय सांगू, नगाऱ्याचा ठेका तुझ्या अंगाला जुळला. मी हसलो. मग वहिनीकडं पाहिलं आणि हसू गिळलं. परत येताना तू गाडीत पडून म्हणालास, "शंकऱ्या, लय दिवसानं मले कोनी दारुड्या नाई म्हटलं." त्या गर्दीचं ऋण आहे माझ्यावर. तिला काही माहीत नव्हतं, पण तिनं तुला हसलं नाही. आपल्या बाजारालाही काही माहीत नव्हतं.

मग अकोल्याचा डॉक्टर. मुर्तिजापूरपर्यंत छोटी आगगाडी, तिथून मोठी गाडी. छोटी गाडी अशी की पुढच्या डब्यातला माणूस उतरतो, शेतात जाऊन हरभऱ्याचे डहाळे उपटतो आणि सावकाश मागच्या डब्यात चढतो. तू म्हणालास, "हे तरी खरं सांगतलं."

आता इथून पुढं मीठ नाही. तुझी अट होती, ती पाळतो.

डॉक्टरनं तुला चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. तुला ती धरता येईना. जीभ आपोआप आत जायची. त्यानं तुझ्या हातात आपली दोन बोटं दिली आणि म्हणाला, घट्ट धरून ठेवा. तुझी मूठ आवळायची आणि सुटायची, आवळायची आणि सुटायची. मग त्यानं तुझ्या बापाचं विचारलं. बाप कसा चालायचा, कसा बोलायचा, शेवटी गिळता येत होतं का. तू सांगत गेलास आणि तुझा आवाज बारीक होत गेला.

डॉक्टर म्हणाला, हा मेंदूचा रोग आहे. फार थोड्या घरांत असतो. मेंदूचा एक भाग हळूहळू सुकत जातो, म्हणून हातपाय माणसाचं ऐकेनासे होतात. आधी बोटं, मग चाल, मग जीभ. माणूस चिडका होतो, विसरतो, नसलेल्या गोष्टींवरून भांडतो. शेवटी घास गिळता येत नाही. ऐन उमेदीच्या वयात सुरू होतो आणि वर्षानुवर्षं चालतो. दारूनं होत नाही. करणीनं होत नाही. पापानं होत नाही. एकाच ताटात जेवल्यानं लागत नाही. बापाकडून किंवा आईकडून लेकरात उतरतो. कोणत्या उतरेल, कोणत्या नाही, हे छाप की काटा. औषध नाही.

इंग्रजी नावही सांगितलं त्यानं. मी ते गाडीत बसेपर्यंत लक्षात ठेवलं होतं. आपल्या बोलीत त्याला नाव नाही, आणि ज्याला नाव नाही त्याला आपले लोक हाताशी असेल ते नाव देतात.

परतीला मोठ्या गाडीतून मुर्तिजापूरला उतरलो. छोटी गाडी निघाली तेव्हा खिडकीकडं तोंड करून म्हणालास,

"म्हंजे बापू पेत नव्हता."

मी पाण्याचा तांब्या तुझ्यापुढं धरला.

"गावानं म्हटलं पेते, आमी म्हटलं पेते," तू म्हणालास. "माय म्हने पेत नाई. तिचं कोनं ऐकलं नाई. पेत नव्हता गा तो."

आणि मग आपलं भांडण सुरू झालं, जे अजून संपलेलं नाही. तू म्हणालास, सगळ्यांना सांगायचं. बाजारात, धनजला, पारावर, सगळीकडं. मी म्हटलं, सांगू, पण दमानं. तुझा धाकटा भाऊ पुंजा आहे, त्याची लेकरं लग्नाची होतील, कोण सोयरीक करेल? तू म्हणालास, "दारुड्याच्या घरात करतात, बिमाऱ्याच्या घरात नाई करत?" मी म्हटलं, "करतातच! दारुडा सुटते कधी तरी, असं वाटते लोकायले." तुला राग आला. म्हणालास, "त्याईलेही लेकी हायेत. पाहून-समजून करू दे सोयरीक. लपवून नाई." मी म्हटलं, मग मला सांगू दे, मी गोष्टीत घालून सांगतो, गळी उतरेल. "तू?" तू म्हणालास. "तू सांगतलं की सूर्य उगवला, तं लोक दिवा लावतीन."

म्हणून तू स्वतः उभा राहिलास. भर बाजारात, गाडीच्या धुरीवर चढून. मी तुझं धोतर मागून धरून ठेवलं होतं. तोवर तुझी जीभ जड झाली होती. मेंदूचा रोग म्हणताना तोंडातून फेस यायचा, शब्द एकमेकांत अडकायचे, हात हवेत फिरायचे. तू खरं बोलत होतास, आणि तुझं प्रत्येक खरं वाक्य झिंगलेल्या माणसाच्या वाक्यासारखं बाहेर पडत होतं. लोक हसले. वामनराव ओरडला, "उतरवा रे याले, पडन! अन् धुरी मोडन आमची!" पुन्हा हसले. मी ह्या बाजाराला आजवर इतकं हसवलं आहे. त्या दिवशी ते हसणं ऐकून मला माझ्याच धंद्याची किळस आली.

उकंड्या, माझा राग एकट्या वामनरावावर नाही. डॉक्टरावर आहे, त्यानं एवढं मोठं ज्ञान आपल्या दोघांच्या पदरात टाकलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. देवावर आहे; बोटांवर जगणाऱ्या माणसाची बोटंच त्यानं का निवडली? आणि तुझ्यावर आहे. तुझ्यावर सगळ्यात जास्त. अंथरुणाला खिळलास, तुझं बोलणं फक्त वहिनीला समजायचं, आणि तेव्हा तू मला बोलावून घेतलंस. वहिनी तुझ्या तोंडाशी कान नेऊन म्हणाली, "हे म्हनतात, तुमी सांगा भाऊजी. पन मीठ नका लावू." अख्ख्या कारंज्यात तुला हे काम सोपवायला मीच सापडलो? तुझ्या डोक्याचा एक भाग सुकला होता, कबूल, पण एवढा?

मी सांगितलं. माझ्या ओट्यावर, गाडीवाले जमले तेव्हा. शपथ घेऊन, मीठ न लावता, डॉक्टरनं सांगितलं तसंच. सगळे तोंड उघडून ऐकत होते. माझं संपलं तरी ते तसेच थांबले. ते मोटारीसारख्या थापेची वाट पाहत होते. शेवटी एक जण म्हणाला, "मंग? मेंदू कोनं खाल्ला? उंदरानं?" आणि ओटा हसून हलला.

तुला येऊन सांगितलं, तर तूही हसलास. तुझं हसणं आणि तुझं हलणं वेगळं करता यायचं नाही, पण डोळे हसले. खाटेचे सुंभ करकरले. मग काहीतरी बोललास. वहिनीनं ऐकलं, आणि तिला मला सांगावं की नको असं झालं.

"काय म्हनते?"

"म्हनतात, बरं झालं. आता तुले समजलं, मले कसं वाटते."

हे तुझं मला शेवटचं समजलेलं वाक्य. पुढं नुसता आवाज होता. वहिनी भाकरी दुधात इतकी कुस्करायची की तिचं पाणी व्हायचं, तेही घशात अडकायचं. एकदा तू तिच्या अंगावर वाटी भिरकावलीस, आणि मग लेकरासारखा रडलास. ती म्हणाली, "तुमी नाई फेकली. मले माईत हाये कोनं फेकली ते." ह्या बाईला बाजाराचा भाव ठाऊक नव्हता, पण तुझ्या हातातला कोणता झटका तुझा आणि कोणता रोगाचा हे तिला समजायचं.

पण तू गेल्यावर तीच मला म्हणाली, "भाऊजी, लोकायले ताप होता म्हनून सांगा. ते गेले. आता पुंजाभाऊजीच्या लेकरायचं पाहा." मी मान हलवली. पुंजाचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. पुंजाच्या पेरणीचे तास ह्या वर्षी वाकडे पडले होते. धनजमध्ये ज्याची तिफण सुतात चालते म्हणून पोरं बघायला यायची, त्याच पुंजाच्या शेतात पेरणीच्या ओळी सापासारख्या उगवल्या. गावानं म्हटलं, पिऊन पेरलं. ज्याला त्याला उत्तर आयतं होतं. ते उत्तर तुमच्या घरात बापापासून पडलेलंच होतं, नुसतं उचलून पुंजाच्या गळ्यात घालायचं.

तर काल. वामनराव बाटलीचं बोलला आणि माना हलल्या, तिथपर्यंत सांगितलं. पुंजा पंगतीत पाणी वाढत होता. उजवा हात उपरण्याखाली, डाव्या हातात लोटा. वामनरावाच्या पानाशी आला आणि डावा खांदा उडाला. सगळा लोटा वामनरावाच्या मांडीवर.

"घ्या!" वामनराव उठून उभा राहिला. "भावाच्या तेरवीले लावून आला हा भी. घरानंच बुडालं बाटलीत!"

पुंजा खाली बघत उभा. मी बादली ठेवली. आता हात मोकळे होते. पण माझ्या आधी वहिनी दारात आली. तिच्या हातात तुझा रुमाल होता, लाल काठाचा, धुऊन घडी घातलेला. पदर डोक्यावरून नीट घेऊन ती पंगतीच्या मधून चालत गेली. जेवणाऱ्यांनी पानं आवरली. तिनं रुमाल पुंजाच्या पुढं धरला.

"सांगा न सांगा, नाव तं पडतेच, भाऊजी," ती त्याला म्हणाली. "मंग खरं तं पडू द्या."

पुंजानं तिच्याकडं पाहिलं. मग उपरण्याखालचा हात बाहेर काढला. सगळ्यांनी पाहिला. बोटं आपल्या आपण मिटत होती, उघडत होती. त्यानं रुमाल घेतला आणि सरळ ओसरीवर गेला. तिथं रतनशेट बसले होते. ते आपल्या पंगतीला बसत नाहीत, पण येणं चुकवत नाहीत. पुंजानं हात पुढं केला आणि हातावर तुझा रुमाल टाकला.

"शेटजी, हात घाला."

"अरे पुंजाजी, आज काय सौदा..."

"हात घाला तुमी. अन् सांगा, मी काय भाव बोलून राह्यलो."

रुमाल पुढं आला असताना हात न घालणं आपल्या बाजारात अपमान. शेटांनी हात घातला. आम्ही सगळे रुमाल बघत होतो. रुमाल थरथरला, थांबला, उडाला, पुन्हा थांबला. शेटांचं तोंड बदलत गेलं. आधी ते हिशोब करत होते, सवयीनं. ओठ हलत होते. मग ओठ थांबले. त्यांनी दुसरा हातही रुमालाखाली घातला आणि पुंजाचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, घट्ट. तरी रुमाल हलतच राहिला.

"भाव नाई हा," शेट म्हणाले. "हाच. हाच हात होता त्याचा. मी दाबून धरला तरी हलून राह्यला. हा तं हलवत नाई काई. हालते आपल्यानं." मग ओसरीवरून खाली पंगतीकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "उकंडरावनं मले नाई फसवलं. ऐका सारे. रुमालाखालचं सांगून राह्यलो."

उकंड्या, तू धुरीवर चढून घसा फोडलास ते कोणी ऐकलं नाही. मी गोष्ट केली ती कोणी ऐकली नाही. पण रुमालाखालचं म्हटल्यावर पंगत उठली. हात धुऊन एकेक दलाल ओसरीवर आला. एकेकानं पुंजाच्या रुमालाखाली हात घातला. कोणी पटकन काढून घेतला, जसं निखाऱ्याला लागलं. कोणी तसाच धरून उभा राहिला. एका म्हाताऱ्या हमालानं हात काढला आणि म्हणाला, "मायच्या मामाले असंच होतं. आमी त्याले बांधून ठेवत होतो." आणि तो खाली बसला, जेवला नाही. पुंजा सगळ्यांना एकच वाक्य सांगत होता, जे तू त्याला सांगितलं असशील, "दारू नाई. डोक्यातली बिमारी हाये. लागत नाई कोनाले, भेव नका." मीठ नाही, काही नाही. माझ्यासारख्याला एक शब्दही घालायला जागा नव्हती.

आज बाजाराचा दिवस. सकाळीच पुंजा धनजहून आला आणि माझ्या ओट्यावर बसला. गाडीवाले येतात, म्हणतात, "शंकरराव, एखादी गोष्ट होऊ द्या." मी म्हणतो, गोष्ट नाही, हात घाला. हसतात. हात घालतात. हसणं थांबतं. मग मी डॉक्टरचं सांगतो, आणि ते ऐकतात. उकंड्या, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं बोलणं संपेपर्यंत हसले नाहीत.

आपलं भांडण मात्र मिटलं असं समजू नकोस. पुंजाच्या लेकीचं काय होईल मला ठाऊक नाही. तुलाही नव्हतं. तू बरोबर होतास असं मी एवढ्यात म्हणणार नाही. तुला म्हणायची सवय नव्हती, मलाही नाही. आणि शेटांचा शब्द तुझ्या कानावर पडला नाही, ह्याचा राग बाजार उठेपर्यंत काय, मी जगातून उठेपर्यंत जाणार नाही.

वामनरावानं काल हात घातला नाही. ओलं धोतर झटकत निघून गेला. आज सकाळपासून तीनदा दुकानावरून गेला, तिन्ही वेळा रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं. जाऊ दे. बाजारात यायला फाटक एकच, आणि फाटकाशी दुकान माझं. मधल्या वेळात तुझा रुमाल कासऱ्यांच्या शेजारी खुंटीवर टांगतो. गिऱ्हाईक विचारतं, हा कसा दिला. मी सांगतो, विकायचा नाही. वामनराव यायचा आहे अजून.